होडीत एक माणूस लागतोच

दादा,

परवा विहारात तुझी शोकसभा झाली. तुझ्या कारखान्यातले साहेब बोलले, कॉलनीचे अध्यक्ष बोलले, आणि मग मागच्या लायनीतला विलास उठला. तुला आठवत असेल, पाण्याला भिऊन तुझ्या गळ्यात मिठी मारून बसायचा तो. आता बँकेत आहे, पोट सुटलंय. तो म्हणाला, "दादांसारखा पट्टीचा पोहणारा मी आजवर पाहिला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मला हसू आलं.

शोकसभेत, सख्ख्या बहिणीला. मी पदर तोंडावर धरला, तर खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, त्याने आणखीच हसू फुटायला लागलं. तेवढ्यात कुणीतरी मांडीला करकचून चिमटा काढला. बघते तर वहिनी. रडून डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि तीही हसू दाबत होती. तेव्हा कळलं की तुझं गुपित तिलाही माहीत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते आपल्या दोघांतच आहे.

विलास खोटं बोलला नाही. तुझ्यासारखा पोहणारा त्याने पाहिला नसणारच, कारण तुला पोहताना कुणीच पाहिलेलं नव्हतं. अख्ख्या कॉलनीला पोहायला शिकवणाऱ्या माझ्या भावाला पोहता येत नव्हतं.

हे आता मी लिहितेय म्हटल्यावर तू चिडशील. चिड. पण तुझा एक प्रश्न माझ्याकडे बाकी राहिलाय. त्याचं उत्तर द्यायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून. रिकामी खोकी भंगाराच्या लिलावात निघायची. लोक त्याच्या खाटा करायचे, कोंबड्यांची खुराडी करायचे. तू होडी केलीस. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत तुझी ठोकाठोक सुरू झाली तेव्हा आईला वाटलं, लेक कपाट करतोय. मग त्याला बूड आलं, पण दारं काही येईनात. सपाट बुडाची, पुढूनमागून चौकोनी, सगळीकडून डांबर फासलेली अशी ती वस्तू पाहून पोरांनी तिला पहिल्याच दिवशी 'पेटी' म्हटलं आणि तेच नाव राहिलं. एका फळीवर खोक्यावरची खूण तशीच राहिली होती, दांडीच्या पेल्याचं चित्र. आई म्हणाली, "सुपारीच्या खांडाला न शिवणारा मानूस तू, आन् होडीवर दारूचा गिलास कशापायी?"

"आई, तो दारूचा नाही. जपून हाताळा, असा त्याचा अर्थ आहे."

"मग तसं लिव्हावं की," आई म्हणाली.

पेटी ट्रकमध्ये घालून तू गंगापूरच्या धरणावर नेलीस आणि तिथे मासे धरणाऱ्या काळूबाबांच्या खोपीपाशी ठेवलीस. तेव्हापासून वैशाखी पौर्णिमा झाली की पुढचा रविवार बेटाचा. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरायचं आणि बुडालेल्या टेकड्यांची डोकी वर यायची. आपल्यासाठी ती बेटं. थोरलं बेट, धाकटं बेट, आणि दोघांच्या मधलं पाणी म्हणजे गल्ली. थोरल्या बेटाच्या मागे दगडांच्या आडोशाला कमरेएवढं उथळ पाणी होतं, त्याला न्हाणीघर म्हणायचं. सगळी नावं कॉलनीवरूनच पडली. कॉलनीतल्या माणसाला मोकळं पाणी दाखवलं तरी त्यात तो न्हाणीघरच शोधणार, असं तूच म्हणायचास.

पेटीत आठ-नऊ माणसांच्या वर मावायची नाहीत. म्हणून यंदा कुणाचा नंबर, यावरून एप्रिलभर रुसवेफुगवे चालायचे. पहाटेची गिरणाऱ्याची एसटी, उतरून काठापर्यंत चाल, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, वहिनीची सुकटीची चटणी, डब्यात पौर्णिमेच्या नावाने पहाटे केलेली खीर. ती खीर दुपारपर्यंत आंबायची, आणि तरीही तू ती खायचास. चष्म्याला मागून नाडी बांधलेली, डोक्यावर टॉवेल, हातात वल्हं. माझ्या मनात तू आहेस तो असा. दवाखान्यातला नाहीस.

पण फुकटात बेटावर जायला मिळत नसे. तुझा नियम होता, आधी महिनाभर कोरडा अभ्यास. विहारासमोरच्या बाकड्यावर पालथं पडायचं आणि हातपाय मारायचे. संध्याकाळी पोरं रांगेत उभी, एकेक जण बाकड्यावर, आणि तू बाजूला उभा राहून ओरडतोयस, "बोटं मिटून घे. गुडघा नको वाकवू, मांडीपासून पाय हलव. मान सैल." रस्त्याने जाणारे विचारायचे, इथे कसला क्लास आहे. मी तेव्हा नुकती डी.एड. होऊन नगरपालिकेच्या शाळेत लागले होते. माझ्यासाठी तू बाकडं घरात आणलंस आणि दार लावून घेतलंस. आई चुलीपाशी बसून बोलत होती, "आमी विहिरीवर तासन् तास बसायचो. वरून कुनी वाढलं तर पानी. आन् तुमाला आता त्याच्यात बुड्या मारायच्यात. पोरीच्या जातीला लय शोभंल."

"म्हणूनच मारायच्यात," तू म्हणालास. दुसऱ्या दिवशी आईनेच तुझा जुना शर्ट आणि माझा जाड परकर काढून ठेवला, पाण्यात घालायला.

पाण्यातलं तुझं शिकवणंही ठरलेलं होतं. न्हाणीघरात तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचास, पोटाखाली तळहात धरायचास, आणि शिकणारा ओरडत असायचा, "दादा, हात काढू नका." तू म्हणायचास, "नाही काढत." आणि काढायचास. मग त्याला बाहेर घेऊन, अंगावर टॉवेल टाकता टाकता सांगायचास, "काढला होता बरं का." त्यावर त्या त्या माणसाचा चेहरा कसा व्हायचा, ते बघायला मी दरवर्षी जवळ उभी असायचे. त्याच्या पुढचं शिक्षण खोल पाण्यात. तिथे तू होडीत उभा, शिकणाऱ्याच्या कमरेला दोर, पाठीला रिकामा डबा. कुणी म्हटलं, "दादा, तुम्ही या ना आत," की तुझं उत्तर तयार असायचं, "होडीत एक माणूस लागतोच." आम्हाला ते किती जबाबदारीचं वाटायचं.

मग तो दुष्काळानंतरचा उन्हाळा. पाणी फार खाली गेलं होतं, बेटं मोठी झाली होती. सगळे थोरल्या बेटावर जेवून आडवे झाले होते. पेटी तू एका बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला बांधली होतीस, आणि तो खुंट कुजलेला निघाला. दुपारचा वारा फिरला तशी पेटी खुंटासकट सुटून गल्लीतून चालायला लागली. पोरांनी आरडाओरडा केला. सगळे उठून काठाशी आले आणि सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. वहिनीसुद्धा तिथेच होती.

विलासचे वडील म्हणाले, "जा की दादा, चार हातांत गाठाल."

तू हललाच नाहीस. मी तुझ्या शेजारी होते. तुझ्या पायाची बोटं चिखलात रुतत चालली होती आणि हात बनियनची कड धरून होता. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं. कसं कळलं ते सांगता येणार नाही. लहानपणी तू आईसमोर खोटं बोलायचास तेव्हा तुझी हनुवटी अशीच आत जायची. मी काही न बोलता पाण्यात शिरले. गल्लीतलं पाणी मी त्याआधी कधी दोराशिवाय ओलांडलं नव्हतं. हात टाकत होते आणि डोक्यात तुझाच आवाज चालू होता, बोटं मिटून, मान सैल. पेटीची कड हाताला लागली तेव्हा मी रडतच होते. बरं झालं, पाण्यात ते दिसत नाही.

वल्हवत परत आले तर तू काठावर उभा राहून सगळ्यांना सांगत होतास, "मीच थांबलो मुद्दाम. म्हटलं बघू, सुमन शिकलीय का." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली. काय करणार, भाऊ आहेस.

संध्याकाळी एसटीची वाट बघताना, बाकीचे चहाला गेले तेव्हा, तू आपणहून बोललास. येवल्याकडच्या आपल्या गावातली मळ्यातली विहीर. वरच्या आळीची पोरं उन्हाळाभर तिच्यात पोहायची. आपल्याला विहिरीच्या कठड्याला शिवायची बंदी. पण बांधाच्या अलीकडे एक उंबर होता आणि त्याची एक फांदी थेट विहिरीवर गेलेली होती. "झाडावर बसून बघायला कुणी मना केलं नव्हतं," तू म्हणालास. शेळ्या सोडून तू त्या फांदीवर बसायचास. कोण कसा हात टाकतो, कोण कशाने दमतो, कुणाचं डोकं का खाली जातं, सगळं वरून दिसायचं. आणि घरी येऊन कडब्याच्या गंजीवर पालथा पडून तेच करायचास. आई म्हणायची, पोराला फिट येतेय की काय. मी हसले. मग मला हसू आल्याचं वाईट वाटलं. तू म्हणालास, "हस की. मलापण येतं."

मी विचारलं, मग इथे, या पाण्यात का नाही शिकलास? इथे कुणाची बंदी आहे?

तू चष्मा पुसायला घेतलास. "पहिल्या वर्षी उतरलो होतो एकटा," म्हणालास. "छातीपर्यंत गेलो आणि वाटलं, आता कुणीतरी वरून हाक मारणार, ए, बाहेर निघ." आणि मग म्हणालास की आता इतक्या लोकांना शिकवलंय, त्यांच्यादेखत गटांगळ्या कशा खाऊ.

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचे, स्वतःला येत नाही ते शिकवायचं नसतं. मला भागाकार आला नसता तर मी पोरांपुढे उभी राहिले असते का? तू म्हणायचास, "ज्याला पोहता येतं त्याला विचार, कसं पोहतोस. तो सांगेल, असं, आणि पोहून दाखवेल. कसं ते त्याला माहीत नसतं. मला माहीत आहे." मी म्हणायचे, तू बोलबच्चन आहेस. तू म्हणायचास, "तू पोहतेस ना? मग झालं." हा वाद कधी मिटला नाही. पण खरं सांगू, शाळेत ज्या पोराला काहीच येत नाही त्याच्याकडे मी नुसती बघत बसते, कुठे अडतंय ते दिसेपर्यंत. ते मी डी.एड.ला शिकले नाही. हे तुला कबूल करायचं राहून गेलं.

दोन वर्षं मागे लागल्यावर तू एकदा ऐकलंस. सगळे काळूबाबांच्या होडक्यातून काठावरच्या रानात करवंदं तोडायला गेले होते. मी तुला न्हाणीघरात नेलं. तू चष्मा काढून दगडावर ठेवलास आणि पेल्याचं चित्र असलेल्या पेटीकडे बोट दाखवून म्हणालास, "जपून हाताळा." विनोद करत होतास, पण दात वाजत होते, मे महिन्यात. मी तुला उताणा घेतला, पाठीखाली हात धरला. तुझीच वाक्यं तुला ऐकवली. मान सोड. पोट वर. श्वास भरून घे. डोळे उघडे ठेव, असं तू प्रत्येकाला सांगायचास आणि स्वतः मात्र गच्च मिटून घेतले होतेस. हळूहळू तुझे खांदे सैल झाले. कान पाण्याखाली गेले. चेहऱ्यावरची ती घाईची आठी गेली. आपला बाप गेला तेव्हापासून मी ती आठी बघत होते. तू डोळे न उघडताच म्हणालास, "सुमे, हात काढू नकोस."

"नाही काढत," मी म्हणाले.

तेवढ्यात करवंदंवाल्यांचे आवाज आले आणि तू धडपडत उभा राहिलास. नाकातोंडात पाणी. विलासने विचारलं, "दादा, काय करताय?" तर म्हणालास, पाण्याची खोली बघतोय.

परत येताना वल्हं मारता मारता तू हळूच विचारलंस, "काढला होतास का गं?"

मी म्हणाले, "पुन्हा उतर, मग सांगते."

तू म्हणालास, "आधी सांग, मग उतरतो."

झालं. दोघं एकाच आईची. त्यानंतर दरवर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर. राखीला प्रश्न, दिवाळीला प्रश्न. माझ्या लग्नात, पाहुणे मांडवात बसलेले असताना, माझ्या कानाशी येऊन, "आता तरी सांग." माझ्याकडे तुला पाण्यात ओढायला तेवढंच एक आमिष होतं. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, चला, आलं पोहायला, आणि पुन्हा होडीत जाऊन बसला असतास. आणि मला तुझा तो चेहरा परत बघायचा होता. सगळं माझ्यासाठी केलंस, दादा. माझी फी भरलीस, आईला सांभाळलंस, स्वतःचं लग्न माझ्या नोकरीपर्यंत लांबवलंस. तुला एवढंसं सुख मिळालेलं मी त्या एकाच दुपारी पाहिलं. म्हणून हट्ट धरला.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही तू नळीतून श्वास घेत बोटांनी खूण केलीस. पाठीखाली तळहात, आणि भुवया वर. मला लगेच कळलं. मी म्हटलं, "बरा होऊन ये, पाण्यात सांगते." वाटलं, या एका गोष्टीसाठी तरी तू उठशील. तू हसलास. नळीमुळे ते हसणं नीट झालं नाही, पण हसलास.

शोकसभेनंतर भांडी आवरताना मी वहिनीला विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, "लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात. नवरा होडीतून खाली उतरत नाही म्हटल्यावर बायकोला कळणार नाही का?" आणि तुला कधी बोलली नाही. तू तिच्यापासून लपवत होतास, ती आपल्याला माहीत आहे हे तुझ्यापासून लपवत होती. मी म्हटलं, मला हे लिहायचंय, पण लिहिलं तर विलासला, सगळ्या कॉलनीला कळेल. लोक हसतील. वहिनी म्हणाली, "लिही. हसू देत. ज्याला विहिरीला शिवू दिलं नाही त्याने पन्नास माणसांना पोहायला लावलं. पट्टीचा पोहणारा काय, कुणीही असतो." मग तिने तुझा चष्मा कपाटातून काढला, नाडी सोडवली, पुन्हा बांधली आणि होता तिथे ठेवला.

येत्या रविवारी आम्ही बेटावर जातोय. मी नको म्हणत होते. वहिनीनेच ठरवलं. पौर्णिमा झालीय, पाणी उतरलंय, काळूबाबांनी पेटीला नवं डांबर लावून ठेवलंय म्हणे. विलास त्याच्या मुलीला आणतोय, तिचा कोरडा अभ्यास झालाय. वल्हं कोण धरणार म्हणून विचारलं तर वहिनी म्हणाली, "मी. होडीत एक माणूस लागतोच." तिलाही पोहता येत नाही, दादा. ती तुझ्यापेक्षा शहाणी, निदान सांगते तरी. यंदा तिला मी बाकड्यावर पालथी पाडणार आहे.

न्हाणीघरात विलासच्या मुलीच्या पोटाखाली हात मी धरेन. तिथे सगळे असतील, तुझ्याशी बोलता येणार नाही. म्हणून इथेच सांगून टाकते.

त्या दुपारी मी तुझ्या पाठीखाली हात धरला तो तुझे खांदे सैल होईपर्यंतच. "हात काढू नकोस" म्हणालास ना, तेव्हा तो काढून झाला होता. माझे दोन्ही हात पाण्याच्या वर होते, शाळेतली पोरं धरतात तसे. तू डोळे उघडले असतेस तर तुला दिसले असते. तुला कुणी धरलेलं नव्हतं आणि वरून कुणी हाक मारली नाही. तू आपला एकटा पाण्यावर पडून होतास, करवंदंवाले येईपर्यंत, चांगला बराच वेळ.

काढला होता बरं का, दादा.